पहिला कागद : यवतमाळच्या बायका आणि मोफत वकील

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. ती निंदणीला जाणारी मजूर असो की पगारदार शिक्षिका, नावावर दहा एकर वावर असो की गुंठाभरही नसो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 मध्ये स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट नाही. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च प्राधिकरण भरतं. अर्ज साध्या कागदावर चालतो. तो तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे द्यायचा. तिथवर जाता आलं नाही तर 15100 हा फोन आहे. कायदा अंमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी, म्हणजे या सवलतीला तीस वर्षं झाली.

एवढं असून या तीस वर्षांत किती बायकांनी ती वापरली, हा प्रश्न गावात विचारला तर बहुतेकींना अशी सोय आहे हेच ठाऊक नसतं. आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांना ‘फुकटचा वकील काय कामाचा’ असं घरातलंच कुणीतरी ऐकवतं. पण मला वाटतं, खरी अडचण वकिलाच्या दर्जाची नाही आणि केवळ माहितीचीही नाही. मोफत वकील ज्या टप्प्यावर उभा राहतो, त्याच्या बऱ्याच आधी बाईचं प्रकरण एकतर लागतं नाहीतर बिघडतं. तलाठ्याच्या टेबलावर, पोलीस ठाण्यात, पंचायत समितीत, सरकारी दवाखान्यात जो पहिला कागद होतो किंवा व्हायचा राहतो, तिथं ती एकटी असते. यवतमाळमध्ये हे जितकं उघड दिसतं तितकं क्वचित कुठं दिसत असेल.

जिल्हा सोळा तालुक्यांचा. नैऋत्येला पैनगंगेकाठचं उमरखेड, पूर्वेला कोळशाच्या खाणींचं वणी, त्याच्या अलीकडे-पलीकडे मारेगाव आणि झरी-जामणी. मुख्य कोर्ट यवतमाळला. सत्र न्यायालयं पुसद, दारव्हा, पांढरकवड्यालाही. हायकोर्टाचं खंडपीठ नागपूरला, यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर. झरी किंवा उमरखेडहून नुसतं जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तरी शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यात वस्ती कोलामांच्या पोडावर, बंजाऱ्यांच्या तांड्यावर किंवा पारध्यांच्या बेड्यावर असेल तर आधी फाट्यापर्यंत चालत यायचं. एका तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तारखा एक नसतात. मोफत विधी सेवेत एसटीचं भाडं येत नाही. म्हणून 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ती मला गेल्या काही वर्षांतली विधी सेवेची सर्वांत उपयोगी सुधारणा वाटते, जरी ती विधी खात्यानं केली नाही. अर्थात गावाला एसटी येत असेल तर.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. यवतमाळचं नाव देशभर गेलं ते शेतकरी आत्महत्यांमुळे. जानेवारी 2019 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं, उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, शेतकरी आत्महत्येत नवरा गमावलेल्या. त्या भाषणानं राज्याला एक गोष्ट ऐकवली: मेलेल्या शेतकऱ्याची चर्चा होते, मागे राहिलेल्या शेतकरणीची होत नाही. पुढं त्यांनी त्याच वर्षी लोकसभेची निवडणूकही लढवली.

मागे राहिलेल्या बाईचा पहिला कागद असतो सरकारी मदतीला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानं मदत ठरली एक लाख: 30 हजार रोख, 70 हजार ठेवीत. त्यासाठी जमीन असायला हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं आणि वसुलीचा तगादा दाखवता आला पाहिजे. ज्या गावात कर्ज कृषी केंद्राच्या उधारीवर आणि बिनपरवाना सावकाराच्या वहीवर चालतं, तिथं हा तगादा कागदावर आणायचा कसा? आणि जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर? पंचनामा होतो त्या दिवशी घरात प्रेत असतं. बोलतात दीर आणि सरपंच. बाई आतल्या खोलीत असते. त्या पंचनाम्यात जे लिहिलं जातं त्यावर पुढची सगळी प्रकरणं उभी राहतात. तिला वकील मिळण्याचा हक्क त्या दिवशीही असतो. पण त्या दिवशी वकील आणणार कोण? आणि बाई स्वतःच शेती करत असेल, तिनंच जीव दिला असेल, तर सातबारावर नाव नाही म्हणून तिची नोंद शेतकरी म्हणून होईलच याची खात्री नाही.

दुसरा कागद वारस नोंदीचा. इथं जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त बायका इथंच अडकतात आणि कोर्टाचा याच्याशी फारसा संबंध येत नाही. नवरा गेला की तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन जायचं. तलाठी फेरफार लिहितो, नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि सातबारावर तिचं आणि मुलांचं नाव चढतं. दिरानं हरकत घेतली की ती नोंद ‘तक्रारी’ होते, सुनावणी लागते, निकालावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतं. म्हणजे रीतसर वाद. तिथं दिराच्या बाजूनं तालुक्याचा वकील उभा असतो आणि ती एकटी.

जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर हे सरळ प्रकरण. बहुतेकदा ती सासऱ्याच्या नावावर असते. तेव्हा तिला सांगितलं जातं की तुझा काही हक्क नाही, सासरा आहे तोवर गप्प राहा. वडिलोपार्जित जमिनीत हे अर्धसत्य आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 6 प्रमाणे मेलेल्या सहहिस्सेदाराचा हिस्सा तो मरण्याच्या क्षणी वाटणी झाली असती तर किती झाला असता असं धरून काढायचा, आणि तो विधवेला, मुलांना, आईला जातो. सासऱ्याकडे अशी एकत्र मालमत्ता असेल तर विधवा सुनेला पोसण्याची जबाबदारीही दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 19 नं त्याच्यावर टाकली आहे. हे तलाठ्याला ठाऊक असतं की नाही हा वेगळा मुद्दा. ते तिला सांगणं त्याचं काम नाही, असं तो म्हणेल, आणि त्याच्या जागी ते बरोबरही आहे.

महिला किसान अधिकार मंचानं 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या अकरा जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या 505 बायकांची पाहणी केली. शेतजमिनीवर हक्क मिळाला नव्हता अशा 40 टक्के निघाल्या. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या फक्त 35 टक्के. या पाहणीच्या पाठपुराव्यातून 18 जून 2019 चा शासन निर्णय आला, या बायकांच्या वारस नोंदी आणि योजनांचा लाभ यांकडे प्रशासनानं स्वतःहून लक्ष द्यावं असा. निर्णय चांगला आहे. त्याच्या आधी जवळजवळ तीस वर्षं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम काढून नवऱ्यांना हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करायला लावलं होतं, हेही विसरू नये. ते नवऱ्याच्या मनावर होतं. आत्ताचं महसूल खात्याच्या मनावर आहे.

आणि जी गोष्ट वकिलांनाही सहसा सुचत नाही ती इथं सांगतो. विधी सेवा कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात दिवाणी-फौजदारी कोर्टाबरोबर महसुली न्यायालय आणि अर्धन्यायिक काम करणारा कुठलाही प्राधिकारी येतो. म्हणजे तक्रारी फेरफाराच्या सुनावणीला बाई मोफत वकील मागू शकते. दीर वकील आणतो तसा तिनंही आणावा, प्राधिकरणाच्या पैशानं. ही एक गोष्ट सोळाही तहसील कार्यालयांत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली तर बरंच काम होईल.

नंतर येते संजय गांधी निराधार योजना. महिना दीड हजार, 2023 पासून. अट: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला 1750. कापूस वेचणीच्या मजुरीवर हिशेब केला तरी जिवंत माणसाचं उत्पन्न याच्या खाली बसत नाही. म्हणून तहसीलदाराकडून खोटं वाटावं इतकं कमी उत्पन्न लिहिलेला खरा दाखला घ्यावा लागतो. बाईला खोटं बोलायला लावणारी अट सरकारनं स्वतःच घालून ठेवली आहे.

पहिला कागद वेळेवर झाला तर काय होतं, याचंही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. मेलेल्यांपैकी दोघांच्या विधवांनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्यानं 2020 मध्ये थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीच्या गावी, दिवाणी दाव्याची प्रक्रिया सुरू केली. आणखी 51 कुटुंबांच्या वतीनं तिथल्या सरकारकडे तक्रार गेली. आपल्या औषधामुळे हे घडलं हे कंपनीला मान्य नाही. निकाल काहीही लागो, यात शिकण्यासारखं एक आहे. हे शक्य झालं कारण संस्थांनी सुरुवातीपासून कागद जमवले: दवाखान्याच्या नोंदी, बाटल्यांचे फोटो, पोलिसांनी केलेल्या नोंदी, घरोघरचे जबाब. जिथं पहिल्या कागदापाशी कुणी उभं राहिलं, तिथं यवतमाळची बाई बाझेलच्या कोर्टापर्यंत गेली.

घरातल्या मारहाणीकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे चौथा हिस्सा नवऱ्याचा मार खाल्ल्याचं सांगतो. देशपातळीवर मार खाणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या 14 टक्के. त्याही मागतात माहेरी आणि सासरच्यांकडे. पोलीस आणि वकील त्या यादीत अगदी तळाला.

2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा या बायकांसाठीच लिहिला होता आणि तो लिहिणाऱ्यांना पहिल्या कागदाचं महत्त्व कळलेलं होतं. म्हणून त्यांनी संरक्षण अधिकारी हे पद आणलं. त्यानं तिचं म्हणणं ऐकून घरगुती घटना अहवाल भरायचा, अर्जाला मदत करायची, निवाऱ्याची सोय बघायची. मॅजिस्ट्रेटनं पहिली तारीख तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा. ती माहेरी राहत असेल तर माहेरच्या तालुक्यातही अर्ज चालतो, ही फार सोयीची तरतूद. प्रत्यक्षात या पदाचा भार वर्षानुवर्षं दुसरंच काम असलेल्या अधिकाऱ्यांवर अतिरिक्त म्हणून टाकला गेला. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की राज्यांनी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमावेत, आणि या बायकांना मोफत वकील मिळतो याचा प्रचार करावा. कायदा अंमलात येऊन तेव्हा अठरा वर्षं उलटून गेली होती.

त्यामुळे बाई ठाण्यात जाते. तिथं बहुतेकदा ‘एनसी’ होते, म्हणजे अदखलपात्र तक्रार, आणि समजूत. कुटुंबातल्या वादात गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीला सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये जागा ठेवली. ठाण्यानं ती जागा रुंद केली. मुंबईत 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला, पुढं तो राज्यात पसरला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती ठाण्याच्या आवारात बसते, ही त्यातली खरी ताकद. ‘सखी’ मदत केंद्रंही 2015 पासून त्याच कल्पनेवर आली. पण ही केंद्रं गावोगावी नाहीत. झरीच्या बाईला ती लांबच.

गावात जवळ असते ती तंटामुक्ती समिती. 15 ऑगस्ट 2007 ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ही मोहीम काढली. बांधाची, पाण्याची भांडणं तिनं खरोखर मिटवली. पण बायकोला मारणं हा तंटा नाही, गुन्हा आहे. गाव तंटामुक्त दाखवून बक्षीस मिळवायचं असेल तर बाईवर दबाव येणारच. तांड्यावर नाईक-कारभारी, इतरत्र जातपंचायत. 2017 पासून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, पण पंचायतीविरुद्ध तक्रार करून त्याच वस्तीत राहायचं, हे तिनं कसं करावं? लोकअदालतीबद्दलही मला शंका आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मोटार अपघाताच्या भरपाईला ते ठीक. ‘नांदायला जाते’ अशा तडजोडीवर अंगठा घेताना तिच्या बाजूचं माणूस शेजारी हवं, आणि निकाली प्रकरणांचा आकडा मोजण्याच्या घाईत ते नेहमी असतंच असं नाही.

पोटगीचं दुखणं सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखंच. घटस्फोटित मुस्लिम बाईलाही फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, हे 10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं. पुसद, दिग्रसच्या मुस्लिम बायकांना त्याचा उपयोग आहे. मागणं सोपं, वसुली अवघड. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा पोटगीवरचा देशभर वापरला जाणारा 2020 चा निकाल नागपूरच्या प्रकरणातून आलेला. अर्ज 2013 चा, कौटुंबिक न्यायालयाचा अंतरिम आदेश 2015 चा, आणि 2020 उजाडलं तरी पैशासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. त्यातून नियम झाले: दोघांनी मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. महाराष्ट्रात 1994 पासून पोटगी, हिंसाचार, घटस्फोट आणि वैवाहिक मालमत्तेच्या दाव्यांत बायकांना कोर्ट फी माफ आहे, हेही बऱ्याच जणींना वकिलाच्या तोंडून कळत नाही.

झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा भागातल्या कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात अनेकदा येऊन गेला. बाहेरून आलेले कंत्राटदार, ट्रकवाले, कामावरचे मुकादम, लग्नाचं आमिष, आणि मागे कोलाम किंवा गोंड मुलगी आणि बाळ. सरकारची यादी आणि संघटनांची यादी कधी जुळली नाही. घरकुल, शिलाई मशीन असे उपाय झाले. बापाला कोर्टात उभं करण्याचं काम मात्र मागं पडलं. लग्नाबाहेरच्या मुलालाही पोटगीचा हक्क आहे, डीएनए चाचणी मागता येते. पण मुलगी अठराच्या आत असेल तर पोक्सोखाली दवाखान्याला पोलिसांना कळवणं बंधनकारक, म्हणून घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. मग नोंद नाही, नमुना नाही, पुढं खटला नाही. तिची बोली कोलामी, जबाब लिहिला जातो ठाणे अंमलदाराच्या मराठीत. त्या मराठीतून ‘संमती’ कशी बाहेर पडते हे विदर्भाला नवं नाही: देसाईगंजच्या ठाण्यात 1972 मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, चार कायदेपंडितांच्या खुल्या पत्रानं देश हलला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. मुलाच्या कागदावर आता आईचं नाव बंधनकारक आहे, 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांना. पण जात पडताळणीला बापाकडचे पुरावे मागतात, आणि बाप तर कागदावरच नाही.

मग या सगळ्यात विधी सेवेनं करायचं काय? 2022 पासून लोकअभिरक्षक कार्यालयं आली, पूर्णवेळ पगारी वकील, चांगली योजना. पण ती आरोपींसाठी, आणि आरोपी बहुतेक पुरुष. बाईच्या वाट्याला पॅनेलवरचा वकील, स्वतःची वकिली सांभाळून जमेल तसा येणारा. 2025 च्या इंडिया जस्टिस रिपोर्टप्रमाणे देशात विधी सेवेवर माणशी वर्षाला साडेसहा रुपयांच्या आसपास खर्च होतो आणि विधी स्वयंसेवकांची संख्या पाच-सहा वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटली. घटवायचंच होतं तर शिबिरं घटवायची, असं मी म्हणेन. शिबिरात हार, भाषण, माहितीपत्रक होतं आणि बाई तिथून हात हलवत परत जाते. पोडावरची, कोलामी बोलणारी, तलाठ्याला आणि ठाणेदाराला नावानं ओळखणारी स्वयंसेविका दहा शिबिरांपेक्षा भारी. आशा सेविका आणि बचत गटाच्या बायका हे काम आताच निम्मं करतात, बिनमानधनाचं.

राहिला आदिवासी बायकांचा वारसा हक्क. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे 1994 ची महाराष्ट्राची आणि 2005 ची केंद्राची दुरुस्ती, दोन्ही गोंड-कोलाम मुलींच्या हाती काही देत नाहीत. त्यांना रूढी लागू, आणि रूढी कोणती ते सहसा भाऊच सांगतो. 17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात हे उलटं केलं: बाईला वाटा नाही अशी रूढी कुणी सिद्ध केली नसेल तर तिला वाटा नाकारता येणार नाही, ते समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. तो दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालला. झरी-जामणीत तोच प्रश्न मंडळ अधिकाऱ्यापुढे फेरफाराच्या हरकतीत येईल, अर्ध्या तासाच्या सुनावणीत. तिथं जाणाऱ्या गोंड बाईनं विधी सेवा समितीचा वकील आधी मागून घ्यावा आणि त्या निकालाची छापील प्रत सोबत न्यावी. मंडळ अधिकाऱ्यानं तो वाचलेला असेल असं धरून चालू नये.